कालच यायला हवं होतं

मासे पकडायला मदतीला पगारी माणूस लागतो, हे कोकणातल्या माणसाला पटवणं कठीण. खाडीच्या कडेला गरी टाकून बसायचं. लागलं तर कालवण, नाही लागलं तर सुकटीवर भागवायचं, एवढंच आमचं शास्त्र. पण अमेरिकेत, त्यातून टेक्सासात, तळ्यावर ‘बॅस’ नावाचा गोड्या पाण्यातला मासा धरायचा तर लोक आधी गाईड ठरवतात. हा गाईड दिवसाचे चार-पाचशे डॉलर घेतो, स्वतःच्या होडीत बसवतो, स्वतःचा रॉड तुमच्या हातात देतो, मासा कुठे बसलाय ते दाखवतो, लागला तर तुमचा फोटो काढतो आणि मग मासा परत पाण्यात सोडायला लावतो.

हे सगळं माझ्या मेव्हण्याने मला प्लेनोतल्या त्याच्या स्वयंपाकघरात समजावलं. शेवटचा मुद्दा मी त्याला पुन्हा सांगायला लावला.

“सोडून द्यायचा?”

“हो दाजी. कॅच अँड रिलीज.”

“आणि पैसे?”

“ते तो नाही सोडत.”

डॅलसच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला चाळिशी ओलांडली की काहीतरी जडतंच. कुणी ढोल-ताशा पथकात शिरतो, कुणी थंडीत कढीपत्त्याची कुंडी घरात आणि उन्हाळ्यात घराबाहेर करत बसतो. मेव्हण्याला बॅस लागला. म्हणजे मासा नव्हे, नाद. मासा अजून लागायचा होता. त्यासाठीच गाईड ठरवायचा होता, आणि गाईडचा दर एका माणसाला जेवढा तेवढाच दोघांना असल्यामुळे मला बरोबर घेतलं की माणशी खर्च निम्मा होत होता. माझ्या आयुष्यात मला इतक्या सरळ गणिती कारणासाठी कुणी सहलीला नेलेलं नाही.

गाईड निवडायला मेव्हण्याने जेवढा वेळ घेतला, तेवढा त्याच्या घरच्यांनी त्याच्या बहिणीसाठी स्थळ निवडताना घेतला नव्हता, हे मी अधिकाराने सांगू शकतो. तीस-चाळीस गाईडांच्या जाहिराती त्याने पालथ्या घातल्या. सगळीकडे एकच फोटो. माणूस हसतोय, दोन्ही हात ताठ पुढे केलेत, त्यामुळे मासा कॅमेऱ्याच्या अंगावर आलाय आणि धरणाऱ्याच्या डोक्यापेक्षा मोठा दिसतोय. माणसाच्या अंगावर जाड जॅकेट, म्हणजे फोटो जानेवारी-फेब्रुवारीतला. मासा न लागलेल्या माणसाचा फोटो एकाही गाईडने लावलेला नव्हता. असे लोक असणार तर नक्की. त्यांचं पुढे काय झालं, याची कुठे नोंद नाही.

शेवटी एकाला फोन लावला. त्याने विचारपूस केली. किती जण, आधी कधी रॉड धरलाय का, कुणाला पाठीचं दुखणं आहे का. मग मेव्हण्याने विचारलं, “मासे लागतील ना?” पलीकडून जरा वेळाने उत्तर आलं, “गेला आठवडा अफाट होता.” प्रश्न भविष्यकाळात होता, उत्तर भूतकाळात आलं. या धंद्याचं सगळं व्याकरण त्या एका वाक्यात होतं. पण मेव्हण्याने ते होकारार्थी धरलं आणि आगाऊ रक्कम भरून टाकली.

जागा ठरली लेक फोर्क. प्लेनोपासून पूर्वेला दीड तासावर. म्हणायला तळं, पण टेक्सासातल्या बहुतेक तळ्यांसारखंच हेही धरणाचं पाणी. सबीन नदीच्या एका उपनदीवर धरण बांधलं, ते 1980 मध्ये पूर्ण झालं आणि सुमारे 27 हजार एकरांवर पाणी पसरलं. इथली खरी कमाल पाणी भरायच्या आधीच झाली होती. बुडणाऱ्या जमिनीवर जी लहान तळी होती, त्यांत सरकारी खात्याने फ्लोरिडा जातीचे बॅस आधीच आणून सोडले होते. या जातीचा मासा अंगाने जास्त वाढतो. धरण भरलं, तळी बुडाली आणि मासे आयते मोठ्या घरात आले. धरण पूर्ण होण्याआधी पुनर्वसन पूर्ण झाल्याचं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण. लाभार्थी मासे होते, एवढंच. झाडंही बरीचशी उभीच बुडू दिली. त्यांचे वठलेले बुंधे आजही पाण्यातून वर आलेले आहेत, आणि त्यांच्या बुडख्याशी बॅस दबा धरून बसतो.

या तळ्याला स्वतःचा इतिहास आहे आणि तो माणसांचा नाही. 1986 च्या नोव्हेंबरात इथे 17.67 पौंडांची, म्हणजे आठ किलोची एक मादी लागली. लागली कुणाला, तर मार्क स्टीव्हन्सन नावाच्या गाईडला. हा तपशील मी लक्षात ठेवला. तिचं नाव ठेवलं एथेल. टेक्सास सरकारने तेव्हा एक योजना काढली होती, ती अजून चालू आहे. आता जानेवारी ते मार्चमध्ये तेरा पौंडांचा किंवा त्याहून जड बॅस लागला, तर तो सरकारला उसना द्यायचा. सरकारी गाडी येते, मादीला अथेन्स नावाच्या गावच्या मत्स्यकेंद्रात नेते, सरकारी खर्चाने तिचं बाळंतपण होतं आणि मग तिला परत तिच्या तळ्यात आणून सोडतात. एथेल ही त्या योजनेतली पहिली मादी. ती मात्र परत आली नाही. मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला बॅस प्रो शॉप्स नावाचं अवाढव्य दुकान आहे, तिथल्या टाकीत लोकांना दर्शन देत राहिली आणि 1994 मध्ये वारली. तिच्या शोकसभेला हजारावर माणसं जमली होती. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या शोकसभेला खुर्च्या उरल्या होत्या.

हे ऐकून माझ्या मनात माशांबद्दल आदर आणि गाईडबद्दल शंका, दोन्ही एकदम वाढलं. कारण पुढचा इतिहास गाईडांच्या बाजूने बोलत नाही. टेक्सासचा आजवरचा विक्रमी बॅस, 18.18 पौंडांचा, याच तळ्यात 1992 च्या जानेवारीत बॅरी सेंट क्लेअर यांना लागला. ते बॅस धरायला गेलेच नव्हते. क्रॅपी नावाचा छोटा, चपटा, चवीला चांगला मासा असतो, त्याच्यासाठी गळाला जिवंत मासळी लावून बसले होते. आणि जागतिक विक्रम? 1932 साली जॉर्जियातला जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी, पावसामुळे शेतात काम करता येईना म्हणून मित्राबरोबर तळ्यावर गेला आणि त्याला 22 पौंड 4 औंसांचा बॅस लागला. गाईड नाही, यंत्र नाही. त्याने मासा तोलला, नोंद केली आणि घरी नेला. घरच्यांनी तो खाल्ला.

“बघ,” मी म्हणालो, “जगातला सगळ्यात मोठा बॅस कालवणात गेलाय.”

“ते मंदीचे दिवस होते, दाजी.”

“आणि आता तेजी आहे म्हणून सोडून द्यायचा?”

पेरीचा विक्रम सत्त्याहत्तर वर्षं टिकला. 2009 मध्ये जपानच्या बिवा तळ्यात मानाबू कुरिता यांना त्याहून औंसभर जड मासा मिळाला. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त भरावे लागतात, म्हणून दोघांना बरोबरीत ठेवलं. त्याआधी कुरितांना खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवलं होतं. ते उत्तीर्ण झाले. मासे धरणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला हे यंत्र वापरावंसं वाटलं, यातच या छंदाची ओळख आली.

पाहुण्याला टेक्सासात एका दिवसाचा मासेमारी परवाना सोळा डॉलरला मिळतो. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो काढावा लागतो, मासा लागो न लागो. पहाटे चारला निघालो. मार्च महिना, बॅस अंडी घालायला खोल पाण्यातून कडेला येतो, तो हा काळ. मोठ्या माद्या याच दिवसांत हाती लागतात. फक्त आदल्या रात्री उत्तरेकडून थंडीची लाट आली होती. गाडीतून उतरलो तेव्हा दात वाजत होते आणि आकाशात एकही ढग नव्हता. मला वाटलं, काय सुंदर दिवस. गाईडने आकाशाकडे असं पाहिलं, जसं कुणी आपल्या नावाने आलेल्या नोटिशीकडे पाहावं.

गाईड पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, टोपीवर चष्मा अडकवलेला. मला त्याने हात मिळवत “यंग मॅन” म्हटलं. त्या एका शब्दावर त्याची बक्षिशी निम्मी वसूल झाली. मग त्याचं लक्ष आमच्या पिशवीकडे गेलं. मेव्हण्याच्या बायकोने मेथीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर अर्धा डझन केळी दिली होती. केळी पाहून तो एक पाऊल मागे सरकला. होडीत केळं चालत नाही. का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. समुद्रावरच्या जुन्या खलाशांचा समज आहे, तो तळ्यावरही आला. केळं असलं की मासा लागत नाही, यंत्र बिघडतं, काहीही होतं. ज्या फळावाचून आमचा सत्यनारायण अडतो, ते फळ या माणसाने दोन बोटांत धरून आमच्या गाडीच्या डिकीत नेऊन ठेवलं आणि डिकी नीट लागलीय ना ते ओढून पाहिलं. उपग्रहावरून स्वतःची जागा दाखवणाऱ्या, पाण्याचं तापमान दशांशात सांगणाऱ्या होडीचा हा मालक. मला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

होडीबद्दल सांगायला हवं. एकवीस फूट लांब, अंगभर चकाकणारी चमकी, मागे अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन. खुर्चीत बसवून, जॅकेट आवळून, त्याने गाडी सोडली ती शंभराच्या वेगाने, पाण्यातून वर आलेल्या बुंध्यांमधल्या खुणा केलेल्या वाटेने. चालवणाऱ्याच्या जॅकेटला एक दोरी अडकवलेली असते. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद. मागे बसलेले पडले तर काय, याची मी चौकशी केली नाही. मासा जागचा हलत नव्हता. एवढी घाई कशासाठी, ते त्या जागी पोचल्यावर कळलं. तिथे दुसरा गाईड आधीच येऊन उभा होता.

मेव्हण्याने स्वतःचा महागडा रॉड आणला होता, बेटकास्टर नावाच्या रिळाचा. ते रीळ फेकताना अंगठ्याने दाबत आवरावं लागतं, नाहीतर दोरा आतल्या आत सुटत राहतो आणि पक्ष्याचं घरटं तयार होतं. तिकडे त्याला तेच म्हणतात. मेव्हण्याचं घरटं पहिल्याच फेकीला तयार झालं. गाईडने ते मांडीवर घेतलं आणि न बोलता उकलत बसला. सकाळचा बराचसा सोनेरी वेळ, ज्यासाठी आम्ही पहाटे चारला निघालो होतो, त्यात गेला. पण त्याच्या कपाळावर आठी नाही. तो उकलत होता, थांबून खालच्या ओठात तंबाखूची चिमूट ठेवत होता आणि रिकाम्या बाटलीत थुंकत होता. मी त्याला विचारलं, चुना नाही लावत? चुना म्हणजे काय हे समजावायला मला घरांच्या भिंतींपासून सुरुवात करावी लागली. भिंतीला लावायचा पदार्थ माणसं तोंडात घालतात, हे ऐकून तो गाईड पहिल्यांदा आणि शेवटचा अवाक झाला.

आमिषांची पेटी उघडली तेव्हा मला वाटलं, न्याहारी निघाली. बॅसला गांडूळ लावत नाहीत, प्लास्टिकचं लावतात; ते 1949 मध्ये ओहायोतल्या निक क्रीमने बाजारात आणलं, आणि पुढे त्याचा कारखाना इथून जवळच टायलर गावी आला. प्लास्टिकच्या त्या किड्यांच्या रंगांना नावं आहेत कलिंगड, हिरवा भोपळा, आलुबुखार आणि मोटर ऑइल. काहींना लसणाचा वास लावलेला. मोटर ऑइल आणि लसूण हे मिश्रण माशाला का आवडावं, असं मी विचारलं. गाईड म्हणाला, “आवडतं असं नाही. राग येतो, म्हणून चावतो.” माझ्या सासरच्या काही मंडळींबद्दल मला बरंच काही उमगलं, पण मेव्हणा समोरच होता.

नवी गोष्ट म्हणजे पडदा. होडीच्या पुढच्या टोकाला पाण्यात एक यंत्र असतं, ते समोरचं पाणी ध्वनिलहरींनी बघतं आणि पडद्यावर मासे हलताना दिसतात, त्याच क्षणी. 2018 मध्ये हे बाजारात आलं आणि त्यावरून मोठी भांडणं झाली. स्पर्धांत त्याच्यावर बंधनंही आली, कारण कसब कुणाचं, माणसाचं की यंत्राचं, असा प्रश्न पडला. आम्हाला तो पडला नाही. गाईडने बुंध्यापाशी गळ टाकायला लावला, आणि पडद्यावर एक ठिपका दुसऱ्या ठिपक्याकडे निघाला. एक माझा किडा, दुसरा मासा. मासा आला. किड्याच्या शेजारी थांबला. बघितलं. आणि वळून गेला.

पूर्वी लोक दिवसभर गळ टाकून बसायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, आज तळ्यात मासेच नव्हते. किती सन्मानाचं वाक्य होतं ते! पाचशे डॉलर मोजून आम्ही ते गमावलं. मासे होते. ढीग होते. एकामागून एक येऊन आमचं आमिष पाहून जात होते आणि आमच्यासमोर पडद्यावर नकार देत होते. मेव्हण्याने रंग बदलले. कलिंगडाला नकार, भोपळ्याला नकार. एक मासा तर हिरव्या भोपळ्यापाशी इतका वेळ रेंगाळला की मेव्हण्याने श्वास धरला, मग तोही गेला, आणि मेव्हणा म्हणाला, “याला काय अडचण होती?” जणू त्याने लेखी द्यायला हवं होतं.

लेखी नाही, पण तोंडी द्यायला गाईड होता. आणि इथून त्याची खरी किंमत कळायला लागली. थंडीची लाट येऊन गेली की हवेचा दाब वाढतो, आकाश निळंशार होतं, मासा आडोशाला दडून बसतो आणि तोंड उघडत नाही. हे पहिलं कारण. पौर्णिमा जवळ आहे, रात्री उजेडात त्यांनी खाऊन घेतलं, दुसरं. वारा पूर्वेचा आहे. रविवारी इथे स्पर्धा झाली, शंभरेक होड्यांनी हेच बुंधे झोडपले. पाणी कालच्यापेक्षा चार अंशांनी उतरलंय. माद्या अंडी घालायला आल्या होत्या, थंडी लागली म्हणून परत खोल गेल्या. यांतलं काहीही खोटं नव्हतं. थंडीच्या लाटेनंतर बॅस खरोखरच सुस्त होतो, कुणीही सांगेल. पण गाईडचं कसब असं की तो सगळी कारणं एकदम देत नाही. माणसाची उमेद जरा खचली की एक काढतो, आणि प्रत्येकाच्या शेवटी म्हणतो, “पण आता चालू होईल.” ऊन चढलं की. ढग आले की. वारा फिरला की. मी वकिलाकडे, डॉक्टरकडे आणि बिल्डरकडे पैसे घालवलेत. इतकी खात्रीची आणि इतकी चविष्ट कारणं मला कुणीच दिली नव्हती.

आणि हो, ते वाक्य. “कालच यायला हवं होतं तुम्ही.” काल सकाळी याच बुंध्याला दोन माद्या लागल्या. मेव्हण्याने हळूच मला मराठीत विचारलं, “काल आपल्या जागी कोण होतं?” मी म्हटलं, कालच्या माणसाला त्याने परवाचं सांगितलं असणार.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. गाईड स्वतःही गळ टाकत होता. तो होडीच्या पुढच्या टोकाला उभा, पायाखाली छोट्या मोटरचं पेडल; त्यामुळे प्रत्येक नव्या बुंध्याला पहिला गळ त्याचा, आणि आमच्या वाट्याला उष्टं पाणी. गाईडने स्वतः मासे धरावेत की नाही, यावर तिकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मासे कुठे आहेत ते शोधायला त्याला टाकावाच लागतो. दुसरा म्हणतो, पैसे आम्ही देतो, शोधून लागला तर तो आमचा लागायला हवा. मी दुसऱ्या पक्षात आहे. एथेल कुणाला लागली होती, ते मी विसरलो नव्हतो. पण मराठी माणूस टेक्सासात दुसऱ्याच्या होडीत, काठापासून मैलभर आत बसून असा मुद्दा काढत नाही.

दुपारी, कुणाचंही लक्ष नसताना, माझ्या दोऱ्याला ठक्कन दोन ठोके बसले. गाईड ओरडला, मेव्हणा ओरडला, मला नेमकं काय करायचं ते दोघंही वेगवेगळं सांगत होते. रॉड वाकला, पाण्यातून मासा हवेत आला, डोकं झटकलं, पुन्हा खाली गेला. कोकणातल्या गरीला हे नाट्य नसतं. आमच्या माशाला आपण कालवणासाठी जातोय हे माहीत असतं. होडीपाशी आल्यावर गाईडने खालचा जबडा अंगठ्याने धरून उचलला आणि म्हणाला, “शी इज अ गुड वन.” मोठा बॅस जवळजवळ नेहमी मादीच असतो, नर एवढे वाढतच नाहीत, म्हणून गाईड मंडळी चांगल्या माशाबद्दल आधीच स्त्रीलिंगी बोलतात. “पाच पौंड तर सहज,” तो म्हणाला. मेव्हण्याने काटा मागितला. साडेतीन भरली. “थंडीने आकसलीय,” गाईड म्हणाला.

फळीवर मोजली तर एकोणीस इंच. आता इथला नियम ऐका. या तळ्यात सोळा ते चोवीस इंचांमधला बॅस ठेवता येत नाही, ताबडतोब सोडायचा. सोळापर्यंतचे ठेवता येतात. चोवीस किंवा त्याहून मोठा एकच ठेवता येतो. म्हणजे ज्याचं दोन माणसांचं जेवण होईल, तो नेमका कायद्याने संरक्षित. यामागे शहाणपण आहे; मधल्या आकाराचे मासेच वाढून एथेल होतात, आणि हा नियम होता म्हणूनच तळं टिकलं. मला ते पटलं. तरीही त्या माशाच्या कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत माझ्या नजरेने आपोआप तुकड्या पाडल्या, हळद-मीठ लावलं, रव्यात घोळवलं. हातात धरून, दोन्ही हात ताठ पुढे करून फोटो काढला. मग पाण्यात धरली, शेपटी हलली, गेली.

नंतर मेव्हण्याला एक लागला. तेरा इंच. कायद्याने ठेवायला पूर्ण मोकळीक. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांनीही गाईडकडे पाहिलं. गाईड काही बोलला नाही, फक्त बाटलीत थुंकला. मेव्हण्याने मासा सोडला.

“तुम्ही स्वतः कुठला मासा खाता?” परतताना मी गाईडला विचारलं. मला वाटलं, आता क्रॅपीची गोष्ट निघेल, मक्याच्या पिठात तळण्याची.

“मी मासे खात नाही,” तो म्हणाला. “वास आवडत नाही.”

काठावर हिशोब झाला. बक्षिशीची रीत पंधरा ते वीस टक्के. ती माशांवर नसते, पैशांवर असते. मेव्हण्याने हे दोनदा विचारून घेतलं, आणि “थंडीने आकसलीय” आठवून पंधराच दिले. “यंग मॅन” आठवून मी वरचे भरले. डिकी उघडली तेव्हा केळी उन्हाने काळी पडली होती. गाईडने ती पाहिली आणि मान हलवली. त्याला दिवसभर हवं असलेलं शेवटचं कारणही मिळालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेव्हण्याच्या फोनवर गाईडने पाठवलेला फोटो आला. ओक्लाहोमाहून आलेला कुणी गिऱ्हाईक, हात ताठ, नऊ पौंडांची मादी. खाली लिहिलं होतं, थंडी ओसरली, आज यायला हवं होतं. मेव्हण्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. माशाकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“दाजी, मागचा बुंधा बघा. आपलाच आहे.”

मी म्हटलं, असेल.

“तुमचं परतीचं तिकीट पुढे ढकलता येतं का हो? दोघांत माणशी अडीचशेच पडतात.”